ठमाबाई जामीन राहिली

बदलापूर गावात हळद ठरली की आधी हॉल बघतात, मग डीजे, आणि तिसरा फोन जातो ठमाबाई मढवीला. तांदळाची भाकरी तिच्यासारखी कुणाला जमत नाही, हे तिच्याशी अबोला धरलेल्या बायकासुद्धा मान्य करतात. पांढरीशुभ्र, पातळ, आणि रुमालासारखी घडी घातली तरी मोडणार नाही अशी. दोनशेची ऑर्डर असली की ती आणि शेजारची विठा सकाळी सातला परातीपुढे बसतात, अकराला उठतात, आणि तेवढ्या वेळात गावातलं एकही घर त्यांच्या तोंडून सुटत नाही.

एकच घर सुटायचं, ठमाबाईचं स्वतःचं. तिथवर विषय आला की विठा तव्यावरची भाकरी उगाचच उलटायची. ठमाबाईच्या एकुलत्या एका मुलावर, धर्मेशवर, कोर्टात केस चालू होती, आणि केस करणारी तिची सूनच होती.

धर्मेश दिसायला देखणा, बोलायला गोड. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला. सून मनाली अंबरनाथ पश्चिमेला एका लॅबमध्ये रक्त घ्यायची. तिचा हात इतका हलका की म्हातारीकोतारी माणसं तिचं नाव घेऊन तिलाच बोलवायची. लग्न चार वर्षं टिकलं. धर्मेशने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा ठमाबाई मध्ये पडली आणि रट्टा तिच्याच पाठीत बसला. त्यानंतर त्याने हात उचलला तेव्हा ती घरी नव्हती, भाकऱ्या पोचवायला गेली होती. ते तिला अजून टोचतं. मनालीने दोन बॅगा भरल्या, आईकडे अंबरनाथला गेली आणि घरगुती हिंसाचाराची केस टाकली. कोर्टाने धर्मेशला लेखी सांगितलं, हिच्या जवळ जायचं नाही, फोन करायचा नाही.

धर्मेश जवळ गेला नाही. तो लॅबच्या समोर गेला. झेरॉक्सच्या दुकानाला गाडी टेकवून उभा राहायचा. ती स्कूटी काढायची, हा मागे निघायचा. ती थांबली की हा थांबायचा. नवनव्या नंबरांवरून फोन यायचे आणि पलीकडे नुसता श्वास. इन्स्टाग्रामवर ‘अंजनी’ नावाची कुणी मैत्रीण झाली, गोड गोड बोलली, आणि एक दिवस नेमका धर्मेशचाच शब्द वापरून बसली. मनाली लॅबवाली. बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहायची तिला सवय. तिने हे सगळं तसंच लिहून ठेवलं आणि एक दिवस पोलिसांपुढे ठेवलं.

“नवरा बायकोच्या मागं गेला तं त्याला पाठलाग म्हनतात काय?” ठमाबाई तेव्हा विठाला म्हणाली होती. “मंग आमच्या यांनी माझ्या मागं मागं जत्रेत बांगड्या घेतल्या, तो पन गुन्हा?”

“तुमी तवा हसत होता ना गो वहिनी,” विठा म्हणाली. “ती हसत नाय.”

ठमाबाईने रागाने परात पुढे ढकलली.

केस तीन वर्षं चालली. शेवटच्या तारखेला शशिकांत वकिलांनीही उल्हासनगरच्या कोर्टात तोच बांगड्यांचा मुद्दा जरा इस्त्री करून मांडला. “साहेब, पती आपल्या पत्नीला भेटायला जातो. यात पाठलाग कसा?”

मॅजिस्ट्रेट चष्म्यावरून बघत म्हणाले, “कायद्याच्या त्या कलमात ‘नवरा सोडून’ असं कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा मला.”

वकीलसाहेबांनी बरीच पानं उलटली. पंखा गरगरत राहिला. धर्मेशला विचारलं तर तो म्हणाला, “मी तिला हातसुद्धा लावला नाही साहेब. नुसता उभा होतो.”

गुन्हा सिद्ध झाला.

मग वकिलांनी दुसरा सूर लावला. पहिलाच गुन्हा आहे, नोकरी आहे, आईवडील वयस्कर आहेत, गावात स्वतःचं घर आहे. मॅजिस्ट्रेटनी मनालीचंही ऐकून घेतलं. ती म्हणाली, “मला त्याला तुरुंगात बघायची हौस नाही. मला रस्त्याने सरळ चालायचंय, एवढंच.” शेवटी हुकूम झाला, की धर्मेशला दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं. कुणीतरी जामीन राहायचं.

कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर प्रोबेशनच्या कुमुदिनी मॅडमनी ठमाबाईला शेजारी बसवून घेतलं. मॅडम बोलायच्या सावकाश, शाळेतल्या बाईंसारख्या.

“मावशी, नीट समजून घ्या. गुन्हा पुसला गेला नाही. फक्त शिक्षा किती, ते साहेबांनी आज सांगितलं नाही. दोन वर्षं हा नीट वागला तर तुरुंग टळला, आणि हा डाग याच्या नोकरीच्याही आड येणार नाही. वाकडं वागला तर बोलावून घेतील आणि शिक्षा सुनावतील. तीन वर्षांपर्यंत काहीही.”

“आनि परत तेच केलं तं?”

“परत केलं आणि परत सिद्ध झालं, तर पाच वर्षांपर्यंत. तेव्हा जामीनसुद्धा हक्काने मिळत नाही, साहेबांची मर्जी. मनालीला स्वतः भेटायचं नाही, फोन नाही, दुसऱ्यामार्फत निरोप नाही. आणि दर महिन्याला माझ्यापुढे हजेरी.”

“मंग माजं काम काय?”

“तुम्ही लिहून देताय, की मी याला ओळखते आणि हा नीट वागेल.”

“ओलखतंय तं मी त्याला,” ठमाबाई म्हणाली. “माज्या पोटचा हाय.”

आणि तिने एकेक अक्षर लावून सही केली. शेजारी नवरा कमळाकर उभा होता. तो जमीन विकली गेल्यापासून फारसा बोलत नसे. त्याने फक्त पेनाचं टोपण धरून ठेवलं.

चार महिने बरे गेले. पाचव्या महिन्यात धर्मेशच्या मित्राची हळद आली आणि हा हजेरी विसरला. कोर्टाची नोटीस आली. एक त्याला, एक ठमाबाईला. पुकारा झाला तेव्हा भर कोर्टात ‘ठमाबाई कमळाकर मढवी’ असं नाव ऐकून तिच्या अंगाला घाम सुटला. आजवर तिचं पूर्ण नाव फक्त मतदानाच्या दिवशी कुणी वाचलं होतं.

मॅजिस्ट्रेटनी धर्मेशला पन्नास रुपये दंड केला.

“पन्नास?” कमळाकर पुटपुटला. “येवढ्यात तं वडापाव पन घरभर होत नाय.”

“हसू नका,” मॅजिस्ट्रेटनी ऐकलं होतं. “पहिल्या चुकीला कायद्यात एवढीच सवलत आहे, म्हणून. दुसरीला नाही.” मग ठमाबाईकडे वळून म्हणाले, “आणि मावशी, जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे. लक्ष ठेवायचं असतं.”

झालं. ‘लक्ष ठेवायचं’ हे साहेबांनी जनरीतीप्रमाणे सांगितलं होतं, ठमाबाईने ते हुकमासारखं घेतलं. हातात घेतलेलं काम अर्धवट करायचं तिच्या रक्तात नव्हतं. भाकरी असो की जामीन.

दुसऱ्या दिवशी चारला कंपनी सुटली तर गेटवर ठमाबाई. डोक्यावर पदर, काखेत भाकऱ्यांचं गाठोडं. “इकडं ऑर्डर होती,” म्हणाली आणि धर्मेशच्या गाडीवर मागे बसली. तिसऱ्या दिवशी ऑर्डर नव्हती तरी ती होतीच. धर्मेश टपरीवर गेला तर ती बाजूच्या गॅरेजमध्ये स्टुलावर. बॉक्स क्रिकेटला गेला तर जाळीच्या बाहेर लसूण सोलत. आणखी एका मित्राच्या हळदीत पोरं नाचत होती, तेव्हा ही डीजेच्या भिंतीला टेकून बसलेली, कानात कापसाचे बोळे.

“धर्म्या, तुजा सीसीटीव्ही आला बघ,” पोरं ओरडायची.

“चोवीस तास चालू असतो काय रे?”

“लाइट गेली तरी चालू. बॅटरीवाला हाय.”

ठमाबाईला याचं काही वाटायचं नाही. उलट विठाला सांगायची, “दीड महिना झाला, पोर एक पाऊल वाकडं टाकीत नाय.” इकडे भाकऱ्यांच्या दोन ऑर्डरी सुटल्या, तिचे गुडघे सुजले, पण तिला वाटायचं, दोन वर्षं काय, अशी निघून जातील.

एके दिवशी धर्मेश केस कापायला बसला होता. मान वर केली तर आरशात, त्याच्या खांद्याच्या मागे, बाकावर आई. तो अर्धे कापलेले केस घेऊनच उठला आणि तिला घेऊन रस्त्यावर आला.

“आये, तू पागल झालीस काय? जिथं जातो तिथं तू! मागं वळलो तरी तू, पुढं बघितलं तरी तू. श्वास नाय घेता येत मला. झोपेत पन वाटतं तू उभी हायस. पोरं हसतात माझ्यावर!”

“मी काय केलं रं तुला?” ठमाबाईही भडकली. “मारलं? शिवी दिली? हात तरी लावला का? नुसती उभी तं हाय!”

वाक्य तोंडातून गेलं आणि ती थांबली. हे तिचं वाक्य नव्हतं. हेच्या हेच, ह्याच सुरात, तिने कोर्टात ऐकलं होतं, आणि ऐकताना मान डोलावली होती.

धर्मेशच्या काही लक्षात आलं नाही. तो चादर झटकत परत खुर्चीत जाऊन बसला. ठमाबाई मात्र घरी चालत आली. गुडघे ठणकत होते, तरी रिक्षा करायचं भान राहिलं नाही. आपल्याला माया आहे, आपण आई आहोत, आणि दीड महिन्यात हा एवढा टेकीला आला. त्या पोरीच्या मागे तर हा दीड वर्ष होता. आणि त्यात माया कुठली?

महिन्यातून एकदा ठमाबाई मनालीला भेटायची. कुमुदिनी मॅडमना विचारून घेतलं होतं. “तुमच्या मर्जीने जा, तिची मर्जी असेल तर. पण याचा निरोप न्यायचा नाही,” असं मॅडमनी बजावलं होतं, आणि ठमाबाईने धर्मेशचं नावसुद्धा तिथे कधी काढलं नाही. दीडला लॅबची जेवणाची सुट्टी व्हायची. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर दोघी बसायच्या. भाकरी, सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं. मनालीने आता आईचं घर सोडलं होतं. कुठे राहते, ते तिने सांगितलं नाही आणि ठमाबाईने विचारलं नाही.

त्या महिन्यात मात्र तिने विचारलं. पत्ता नव्हे, दुसरंच.

“तवा तुला झोप लागायची का गो?”

मनालीने चटणीचं बोट चाटलं. “लागायची. पण रोज लॅबला वेगळ्या रस्त्याने यायचे. आई, अंबरनाथ पश्चिमेच्या मला जेवढ्या गल्ल्या माहीत आहेत ना, तेवढ्या पोस्टमनलाही नसतील.”

“नि आता?”

“आता आठ महिने झाले, एकाच रस्त्याने येते. कंटाळा येतो त्या रस्त्याचा,” ती म्हणाली आणि हसली. “कसलं भारी वाटतं माहितीये, रस्त्याचा कंटाळा येणं?”

ठमाबाईने त्या दिवसापासून धर्मेशची पाठ सोडली. विठाने विचारलं, “काय गो, ड्युटी संपली?” तर म्हणाली, “पोर मोठं झालंय. त्याची त्याला कलू दे.”

धर्मेशही जणू निवळला. हजेरीला वेळेवर जाऊ लागला. कंपनीत त्याचं नाव कायम करण्याच्या यादीत आलं, पुढच्या महिन्यात पत्र मिळणार होतं. घरात बापाच्या गोळ्या आणायचा, आईशी गोड बोलायचा. एकदा उल्हासनगर कॅम्पातून येताना त्याने आईसाठी जीन्सच्या कापडाची जाडजूड पिशवी आणली. तिथल्या शिलाई कारखान्यांत उरलेल्या तुकड्यांच्या शिवतात तशी, तळाला दुहेरी कापड.

“भाकऱ्या गरम राहतील. ती फाटकी नायलॉनची टाक आता,” म्हणाला.

ठमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या मुलाने आजवर घरात साधा झाडू आणला नव्हता.

पिशवी खरंच चांगली होती. ती भरून मनालीकडे जायची, मनाली ती घरी न्यायची, डबे रिकामे करून पुढच्या महिन्यात परत आणायची.

आणि मग तो रविवार. दुपारी जेवायला बसले होते. नळाला धार बारीक येत होती म्हणून कमळाकर कुरकुरत होता. धर्मेश मासळीचा काटा काढता काढता म्हणाला, “बाबा, आपलं लय बरं हाय. तिकडं कॅम्प चारला बघा. दिवसाआड पानी, नि तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायला लागतात तिला.”

“कोनाला?” ठमाबाईने विचारलं.

धर्मेशचा घास हातातच राहिला.

“कोनाला रं, तिला म्हंजे?”

“कोनाला नाय. असंच. मित्राची बहीन हाय एक.”

“नाव काय त्या मित्राचं?”

तो ताटावरून उठला. ठमाबाईने त्याला अडवलं नाही. ती हात न धुता तशीच बसून राहिली आणि डोकं चालवू लागली. मनाली उल्हासनगरच्या कॅम्प चारला राहते हे तिला स्वतःला आत्ता कळत होतं. ह्या घरातून त्या घरात माणूस जात नाही. फोन जात नाही. निरोप जात नाही. मग काय जातं? भाकरी जाते. आणि पिशवी.

तिने मनालीला फोन लावला.

“बाय, माजी पिशवी कुठं हाय?”

“आहे ना घरी. का हो आई?”

“तिचा तल चाचप. दोन कापडांच्या मधी.”

पलीकडे डबे खडखडले. मग मनालीचा आवाज आला, अगदी खाली गेलेला. “काहीतरी गोल आहे. बटणासारखं. जाड.”

“उसव.”

“नाही आई. उसवत नाही. पोलिसांसमोरच उसवू दे.”

ठमाबाईला त्याही घटकेला वाटलं, पोरगी हुशार आहे. आणि लगेच वाटलं, हुशार व्हायला लागलीय.

फोन ठेवला तर दारात धर्मेश. त्याने ऐकलं होतं.

“आये, ते नुसतं लोकेशनचं बटन हाय. ऑनलाइन मिलतं, लोक चाव्यांना लावतात. मी तिला काय केलं? एकदाच गेलो, खालूनच बघितलं, परत आलो. शप्पथ. वर पन नाय गेलो.”

“परत कदी जानार होतास?”

त्याने मान फिरवली. मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात परमनंट होतोय मी. तू काय बोलली नायस तं कोनाला कलनार हाय? तिला सांग, चाव्यांचं होतं, चुकून आत गेलं. तू सांगितलंस तं ती ऐकेल. तुजं ऐकते ती.”

“म्हनूनच पिशवी मला दिलीस व्हय?”

कमळाकर इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो वळला. “ठमे, वाटोलं होईल पोराचं. मागं झाला ना, पन्नास रुपये दंड. मी भरतंय.”

“ते वापरून झाले,” ठमाबाई म्हणाली. “नि मी सही केली तवा टोपन तुमीच धरलं होतं.”

सोमवारी सकाळी शंभर भाकऱ्यांची ऑर्डर होती. विठाला सगळं कळलेलं होतं, अशा गोष्टी भिंतीतून जातात. दोघी खाली मान घालून थापत राहिल्या. साठाव्या भाकरीला ठमाबाईने हात धुतले.

“राह्यलेल्या तू कर गो.”

“कुठं चाललात?”

“उल्हासनगरला.”

विठाने तवा स्वतःकडे ओढून घेतला.

कुमुदिनी मॅडमच्या टेबलासमोर ठमाबाई बसली, पाणी प्यायली, आणि वाटेत ठरवून आणलेलं सगळं विसरून गेली. शेवटी म्हणाली, “मॅडम, मी लिहून दिलं होतं का नाय, की मी त्याला ओलखतंय?”

“हो.”

“तं ते चूक निघालं.”

मॅडमनी पेन उचललं आणि तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. मध्येच एकदा थांबून म्हणाल्या, “मावशी, याचं पुढे काय होईल ते माहीत आहे ना तुम्हाला? मनाली आजच पोलिसांत गेलीय. कोर्टाचा मनाई हुकूम मोडला म्हणून वेगळं कलम लागेल, पाठलागाचं वेगळं. दोन्हीत पोलीस सरळ अटक करू शकतात. नोकरीचं पत्रही येईल की नाही, सांगता येत नाही.”

“तुमी लिवा,” ठमाबाई म्हणाली. “मी थांबले तं सांगू नाय शकनार.”

महिन्याभराने परत पुकारा झाला. ह्या वेळी पूर्ण नाव ऐकून तिला घाम आला नाही.

“मावशी, तुम्हाला इथे कुणी जबरदस्तीने आणलंय का? पोलिसांनी?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

“नाय साहेब. मी रिक्षानं आले.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी तिला पिशवीबद्दल विचारलं, रविवारच्या जेवणाबद्दल विचारलं, आणि तिने काटा काढता काढता झालेल्या बोलण्यापर्यंत सगळं सांगितलं. धर्मेश खाली मान घालून उभा होता. एकदाच त्याने वर बघितलं. तेव्हा ती कॅम्प चारच्या पाण्याचं सांगत होती, आणि तिने सांगणं थांबवलं नाही.

शशिकांत वकील उठले. “साहेब, आरोपीने कुणाला स्पर्श केलेला नाही. दंडावर—”

“दंडाची सवलत पहिल्या चुकीची होती, वकीलसाहेब. ती यांनी हजेरी बुडवून संपवली. आणि हमी मोडायला यांनी कुणाला वापरलं? हमी देणाऱ्या बाईला. तेसुद्धा तिला न सांगता.”

पहिल्या गुन्ह्याची राखून ठेवलेली शिक्षा त्या दिवशी सुनावली गेली. एक वर्ष. नवी केस तिच्या वाटेने वेगळी चालणार होती, तीही सिद्ध झाली तर पाच वर्षांपर्यंत. कंपनीतून पत्र आलं होतं, पण ते कायम केल्याचं नव्हतं. डाग नोकरीच्या आड येणार नाही, हे मॅडमचं म्हणणं दोन वर्षं सरळ चालणाऱ्यासाठी होतं.

धर्मेशला बाहेर नेताना ठमाबाई त्याच्या बाजूच्या हवालदाराला आडवी गेली.

“भाऊ, त्याला पोटाचा त्रास हाय. तिखट सोसत नाय.”

हवालदाराने मान हलवली. धर्मेश तिच्याकडे न बघता पुढे गेला. कमळाकर त्याच्या मागे गाडीपर्यंत गेला आणि गाडी निघून गेल्यावरही तिथेच उभा राहिला. ठमाबाईने त्याला हाक मारली नाही. तो आज तिच्याशी बोलणार नव्हता, कदाचित उद्याही नाही. ते तिने गृहीतच धरलं होतं.

मनाली जिन्यापाशी थांबली होती. लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती, हातात हेल्मेट. दोघी एकमेकींपुढे नुसत्या उभ्या राहिल्या. सासू-सून म्हणावं तर ते नातं संपत आलेलं, आणि दुसरं नाव कुणाला माहीत नव्हतं.

“घर बदलनार?” ठमाबाईने विचारलं.

“मी का बदलू? डिपॉझिट भरलंय, खाली दुकानातले काका ओळखीचे झालेत. आता मी हलत नाही.” मग तिने पर्समधून कागद काढला, पेन काढलं. “आई, पत्ता लिहून देते. लॅबच्या पायरीवर किती दिवस बसायचं? घरी या. चहा करते तुम्हाला.”

ठमाबाईने तिच्या हातावर हात ठेवून पेन खाली केलं.

“नको बाय.”

“अहो, आता काय—”

“एक वरसानं तो सुटून येईल. माज्याच घरी येईल, माज्याच ताटात जेवेल. मी त्याची आये हाय. कवातरी रडेल माज्यापुढं, नि मी पन रडेन. तवा मला ठाऊकच नसलं, तं माज्या तोंडून निघायचंच नाय. नको लिवू.”

मनालीने कागद तसाच कोरा घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग तिने वाकून ठमाबाईच्या पायाला हात लावला आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

“पुढच्या मंगलवारी दीडला येतंय,” ठमाबाई म्हणाली. “बिरडं करीन.”

स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. फाटकाबाहेर रस्ता दोन्हीकडे फुटत होता. ठमाबाई फाटकाकडे पाठ करून उभी राहिली आणि आवाज पुरता विरेपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही.